प्रस्तावना: दशा

बेंगळूरुतल्या मल्लेश्वरमच्या गल्ल्यांतून हिंडताना घरांच्या फाटकांवर कन्नडमध्ये रंगवलेल्या छोट्या पाट्या दिसतात: साडीला कुच्चु लावून मिळतील. कुच्चु म्हणजे आपले पदराचे गोंडे. आमच्या समोरच्या घरातल्या बाई हे काम करतात. एका दुपारी मी तासभर त्यांच्या व्हरांड्यात बसून त्यांचे हात पाहिले. साडी मागावरून उतरते तेव्हा पदराच्या टोकाला नुसतेच उभे धागे लोंबत असतात, आडवा धागा तिथवर पोचलेला नसतो. ते तसेच मोकळे सोडले तर शेवटचा आडवा धागा निसटतो, मग त्याच्या अलीकडचा, आणि वीण टोकाकडून आत उसवत जाते. बाई पाच-पन्नास धागे चिमटीत धरतात, पीळ देतात, गाठ मारतात आणि खालचं टोक कात्रीनं सरळ करतात. या धाग्यांवर जर नसते, बुट्टी नसते. उसवण जरीपर्यंत पोचू नये, एवढ्यासाठीच ते असतात.

या धाग्यांना मराठीत दशा म्हणतात. एक धागा ती दशी. आणि दशा याच शब्दाचा दुसरा अर्थ अवस्था, आयुष्यातला टप्पा. कापडाचं टोक आणि माणसाचं वय यांना एकाच शब्दात बसवणाऱ्यांना पेशीच्या आत काय आहे ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. तरी पुढे ज्या विषयात तुम्हाला घेऊन जायचं आहे, त्याला याहून चांगलं नाव मला सुचलेलं नाही. शास्त्रीय नाव टेलोमिअर. ग्रीकमध्ये टेलोस म्हणजे शेवट, मेरोस म्हणजे भाग. पुस्तकात सगळीकडे टेलोमिअर हाच शब्द ठेवला आहे, कारण पुढे वाचायला जाल तिथे तोच भेटेल. पण वाचताना डोळ्यांसमोर दशा ठेवल्यात तर वाट सोपी होईल.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, म्हणजे ९२ टोकं. प्रत्येक टोकाशी डीएनएची सहा अक्षरं, टीटीएजीजीजी, हजारो अक्षरांच्या लांबीपर्यंत पुन्हा पुन्हा येतात. त्यांत कुठल्याही प्रथिनाची कृती लिहिलेली नसते. नवजात बाळाच्या रक्तपेशींत ही लांबी साधारण दहा हजार अक्षरांची असते आणि प्रौढपणी दरवर्षी सरासरी वीस ते चाळीस अक्षरं कमी होत जातात. टोक नुसतं लोंबतही नसतं. १९९९ मध्ये जॅक ग्रिफिथ आणि टिटिया डी लांगे यांच्या गटानं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, की टेलोमिअर स्वतःवर वळून फास घालतो आणि आपलं टोक आत खोचून घेतो. त्याच्याभोवती प्रथिनांचं आवरण असतं. समोरच्या बाईंची गाठ पाहताना मला ते छायाचित्र आठवत होतं.

टोक मुळात आखडतंच का, हे कळायला माझ्या आजीचं सारवण उपयोगी पडतं. जमीन सारवणारी बाई जिथे बसलेली असते, तेवढी जागा तिला सारवता येत नाही. डीएनएची नक्कल करणाऱ्या विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, तसंच आहे. त्याला कामाला लागण्यासाठी आधी बूड टेकायला एक छोटा तुकडा लागतो, आणि ते एकाच दिशेनं सरकतं. मधल्या सगळ्या जागा नंतर भरून निघतात. अगदी टोकाशी टेकलेली जागा मात्र कोरीच राहते. मॉस्कोत अलेक्सेई ओलोव्हनिकोव्ह यांच्या मनात हा विचार भुयारी रेल्वेच्या स्थानकावर गाडीची वाट पाहताना आला. १९७१ मध्ये त्यांनी तो रशियन भाषेत छापला. पुढच्याच वर्षी जेम्स वॉटसन यांनी स्वतंत्रपणे हीच अडचण मांडली. ओलोव्हनिकोव्ह यांच्या लेखाआधी दहा वर्षं, १९६१ मध्ये, लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं होतं, की माणसाच्या साध्या पेशी काचेच्या भांड्यात सुमारे पन्नास वेळा दुभंगतात आणि मग थांबतात. पेशी मोजते कशावर, हा प्रश्न तेव्हापासून पडला होता. ओलोव्हनिकोव्ह यांनी उत्तर सुचवलं: टोकावर.

या क्षेत्राच्या इतिहासातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते आणि तिच्यापाशी थोडं थांबायचं आहे: त्यात स्त्रिया जागोजागी भेटतात. मक्याच्या गुणसूत्रांची तुटलेली टोकं एकमेकांना चिकटतात, शाबूत टोकं चिकटत नाहीत, हे १९३०-४० च्या सुमारास ज्यांनी ओळखलं त्यांत बार्बरा मॅक्लिंटॉक होत्या. १९७८ मध्ये टोकाची अक्षरं पहिल्यांदा वाचली एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी, येलमध्ये जोसेफ गॉल यांच्या प्रयोगशाळेत. त्यासाठी त्यांनी टेट्राहायमेना हा डबक्यातला एकपेशीय जीव निवडला. त्याच्यात छोटी छोटी गुणसूत्रं हजारोंनी असतात, म्हणजे टोकांचा तोटा नाही. स्त्रियांना प्रयोगशाळेत सहज जागा मिळत नव्हती त्या काळात गॉल यांनी आपलं दार उघडं ठेवलं होतं. पुढे ब्लॅकबर्न यांच्याकडे आलेल्या कॅरॉल ग्रायडर यांनी १९८४ च्या नाताळच्या दिवशी प्रयोगशाळेत जाऊन एक फिल्म पाहिली आणि तिच्यावर सहा-सहा अक्षरांच्या अंतरानं पट्ट्या उमटलेल्या दिसल्या. कोणीतरी टोकाला अक्षरं जोडत होतं. त्या विकराला आज टेलोमरेज म्हणतात. २००९ चं नोबेल ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना या कामासाठी मिळालं.

हे बेंगळूरुत बसून लिहिताना कमला भागवत आठवल्याशिवाय कशा राहतील? मुंबई विद्यापीठातून पहिल्या आलेल्या या मराठी मुलीला १९३३ मध्ये इथल्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला गेला. संचालक होते चंद्रशेखर वेंकट रामन. कारण एवढंच, की ती मुलगी होती. ती हटली नाही. वर्षभर पारखून पाहण्याच्या अटीवर तिला घेतलं गेलं, आणि तिचं काम पाहून संस्थेचं दार मुलींसाठी उघडलं. पुढे कमला सोहोनी म्हणून त्या मराठी घरांत माहीत झाल्या. दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर त्यांनी इथे काम केलं. मला त्या आवारात पहिल्यांदा पाऊल ठेवताना कोणी अट घातली नाही, याचं श्रेय कोणाचं हे मी विसरलेले नाही.

त्याच संस्थेच्या जीवरसायन विभागात के. मुनियप्पा यांच्या गटानं टेलोमिअरवर मूलभूत काम केलं आहे. जी हे अक्षर जिथे ओळीनं येतं, तिथे डीएनएची पट्टी चौपदरी गाठीत वळू शकते, आणि अशी गाठ नक्कल करणाऱ्या यंत्रणेच्या वाटेत आडवी येते. गार्गी घोषाल आणि मुनियप्पा यांनी २००५ मध्ये दाखवलं, की यीस्टमधलं एमआरई-११ हे प्रथिन ही चौपदरी गाठ घट्ट धरतं आणि जी-बहुल डीएनए कापूही शकतं. वृत्तपत्रांत अशा कामाची बातमी होत नाही. पण गाठ कशी सुटते हे कळल्याशिवाय टोकांची निगा कशी राखली जाते हे कळणार नाही.

टेलोमरेज सापडल्यावर सगळ्यांच्या मनात जे आलं तेच तुमच्याही मनात आलं असेल. दशा पुन्हा लांब करता येत असतील तर म्हातारपण टाळता येईल की! १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं माणसाच्या साध्या पेशींत टेलोमरेज चालू केलं आणि त्या पेशी हेफ्लिक यांची मर्यादा ओलांडून दुभंगत राहिल्या. पण त्याच्या चार वर्षं आधीच दुसरं टोक हाती आलं होतं: कर्करोगाच्या दहापैकी सुमारे नऊ गाठींमध्ये हेच टेलोमरेज जागं झालेलं असतं. हेन्रिएटा लॅक्स यांच्या शरीरातून १९५१ मध्ये घेतलेल्या पेशी आजही जगभर वाढताहेत, त्या याच बळावर. बीजपेशी आणि मूळपेशी सोडल्या तर आपलं शरीर टेलोमरेज बहुतेक ठिकाणी बंद ठेवतं. बहकलेल्या पेशीला मोजक्याच वेळा दुभंगता यावं म्हणून. आखडत जाणारी दशा म्हणजे झीज आहेच, पण तो पहाराही आहे. हे पुस्तक वाचताना ही एक गोष्ट हातची सोडू नका. टेलोमिअरवरच्या बहुतेक गैरसमजांचं मूळ ती विसरण्यात आहे.

अशाच एका गैरसमजामुळे मी ही प्रस्तावना लिहायला बसले. माझी मावशी बेळगावची, वय ६३. गेल्या दिवाळीनंतर ती माझ्याकडे आली ती हातात एक रंगीत अहवाल घेऊनच. कुणाच्या तरी सांगण्यावरून तिनं रक्त देऊन टेलोमिअरची तपासणी करून घेतली होती. अहवालावर ठळक अक्षरात छापलं होतं: पेशींचं वय ७१. खाली गोळ्यांची शिफारस होती. चहा निवत होता आणि ती कागदाची घडी घालत होती, उलगडत होती.

"माझी आठ वर्षं गेली का गं?" तिनं विचारलं.

मी तिला आधी मोजतात कसं ते सांगितलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात, त्यांतला डीएनए बाहेर काढतात. थंड अल्कोहोलमध्ये तो पिंजलेल्या कापसासारखा वर येतो, काचेच्या काडीवर गुंडाळता येतो. मग रिचर्ड कॉथन यांनी २००२ मध्ये बसवलेल्या पद्धतीनं टेलोमिअरच्या अक्षरांची आणि एका ठरावीक जनुकाची किती पट वाढ झाली याचं गुणोत्तर काढतात. हाती येतो एकच आकडा, लाखो पेशींच्या प्रत्येकी ९२ टोकांची सरासरी. पेशीला थांबवतात ती सर्वांत आखूड टोकं, आणि सरासरीत ती दिसतही नाहीत. शिवाय एकच नमुना दोनदा मोजला तर आकड्यात पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो. वर्षाला जाणारी लांबी जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे मोजण्यातली चूकच दहा वर्षांची. तिच्या अहवालातली आठ वर्षं त्या चुकीत बुडून जातात.

आणखी एक गोष्ट तिला सांगितली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. दशा सगळ्यांना जन्मतः सारख्या मिळत नाहीत. एकाच दिवशी जन्मलेल्या बाळांमध्येच इतका फरक असतो, की पुढच्या कित्येक वर्षांची झीजही त्यापुढे लहान ठरावी. लांबीचा मोठा वाटा आनुवंशिक असतो. बाप उतारवयात असताना झालेल्या मुलांचे टेलोमिअर सरासरीनं थोडे लांबच असतात, कारण शुक्रपेशींतली टोकं वयाबरोबर वाढतात. स्त्रियांचे पुरुषांपेक्षा सरासरीनं लांब असतात. तिशीत ज्याची टोकं इतरांपेक्षा आखूड, त्याची साठीतही बहुधा आखूडच राहतात. मग साठीतल्या एका आकड्यावरून ही झीज आहे की मुळातली देणगीच तेवढी, हे कोण सांगणार?

मावशीनं गोळ्या घेतल्या नाहीत. पण तिची ती कागद घडी करण्याची हालचाल माझ्या मनातून गेलेली नाही. कोणाही माणसाला पुराव्याशिवाय त्याच्या उरलेल्या आयुष्याचा आकडा छापून हातात देऊ नये, असं मला फार वाटतं. जिथे ही मोजणी खरोखर उपयोगाची आहे ती जागा वेगळी. डिस्केराटोसिस कंजेनिटा नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक विकारात टोकं कमालीची आखूड असतात. नखं झिजतात, कातडीवर जाळीदार डाग येतात, अस्थिमज्जा रक्त बनवेनाशी होते. फुप्फुसं घट्ट होत जाण्याच्या काही कौटुंबिक विकारांतही हेच कारण सापडलं आहे. अशा घरात डॉक्टरांना लांबी कळणं म्हणजे निदानच हाती येणं.

मग एका माणसाबद्दल गप्प बसणारा हा आकडा हजारो माणसांबद्दल काय बोलतो? बरंच. २००३ मध्ये कॉथन यांनीच युटामधल्या साठीपुढच्या १४३ जणांचं जुनं साठवलेलं रक्त तपासलं. आखूड टोकं असलेल्यांत हृदयविकारानं मृत्यूचं प्रमाण तिपटीहून अधिक होतं, संसर्गानं मृत्यूचं आठपटीहून अधिक. नमुना लहान होता म्हणून वाद झाला. २०२१ मध्ये लेस्टरच्या व्हेरियन कॉड, निलेश समानी आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या ४ लाख ७२ हजार लोकांची मोजणी प्रसिद्ध केली. आखूड टोकांकडे हृदयाच्या धमन्यांचे आजार अधिक, लांब टोकांकडे काही कर्करोग अधिक. चाळिशीतली अगदी लांब आणि अगदी आखूड टोकांची माणसं घेतली तर त्यांच्या अपेक्षित आयुष्यात सुमारे अडीच वर्षांचा फरक. २०२३ मध्ये मेरी आर्मानिओस यांच्या गटानं पीओटी-१ या जनुकातल्या बदलामुळे विलक्षण लांब टोकं लाभलेली कुटुंबं अभ्यासली, तर त्यांच्यात तऱ्हेतऱ्हेच्या गाठी आणि एकाच पेशीपासून फोफावलेली रक्तपेशींची वाढ आढळली. प्रयोगशाळेतल्या उंदराचे टेलोमिअर माणसापेक्षा कितीतरी लांब, आणि आयुष्य दोन-तीन वर्षांचं. लांब म्हणजे चांगलं, हे समीकरण सरसकट टिकत नाही.

ताण, झोप, व्यायाम, योग यांच्याबद्दल लोक मला फार विचारतात. २००४ मध्ये एलिसा एपेल आणि ब्लॅकबर्न यांनी ५८ मातांवर केलेल्या अभ्यासात ताण अधिक सांगणाऱ्या मातांची टोकं आखूड निघाली. दिल्लीच्या एम्समध्ये रीमा दादा यांच्या गटानं २०१७ मध्ये ९६ जणांना बारा आठवडे योग आणि ध्यान करायला लावलं तेव्हा टेलोमरेजची क्रिया वाढलेली दिसली. त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं. चाला, झोपा, तंबाखू सोडा. त्याचे फायदे टेलोमिअरशिवायही पक्के सिद्ध आहेत.

आता आपल्याकडे. १९९० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. तरी पुण्याच्या बारीक बाळांच्या अंगात चरबी त्या मानानं जास्त. मधुमेहाची आपली वाट गर्भातच सुरू होते, हे तिथून ठळक झालं. २००५ मध्ये चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमधल्या ए. अडैकलाकोटेश्वरी, एम. बालसुब्रमण्यम आणि व्ही. मोहन यांनी दाखवलं, की टाइप २ मधुमेह असलेल्या भारतीयांची टोकं मधुमेह नसलेल्यांपेक्षा आखूड असतात. ही दोन कामं शेजारी ठेवून वाचा. आपण ज्याला म्हातारपणाचा आजार म्हणतो त्याचा धागा आजीच्या ताटापर्यंत मागे जातो.

पण एकदा घेतलेलं रक्त छायाचित्रासारखं असतं. त्याच माणसाला पाच, दहा, पंधरा वर्षांनी पुन्हा भेटल्याशिवाय वय वाढणं म्हणजे काय ते दिसत नाही. म्हणून मला बेंगळूरुपासून शंभरेक किलोमीटरवरचं श्रीनिवासपूर महत्त्वाचं वाटतं. शहाजीराजांच्या जहागिरीतल्या कोलार भागातला हा तालुका, आंब्यांसाठी नाव असलेला. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातल्या मेंदू संशोधन केंद्रानं विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या पुढाकारानं २०१८ पासून इथल्या खेड्यांतल्या ४५ वर्षांवरच्या लोकांचा दीर्घ पाठपुरावा सुरू केला. उद्दिष्ट दहा हजार माणसांचं. रक्त, जनुकं, मेंदूचे एमआरआय, स्मरणशक्ती. पाश्चात्त्य देशांत तयार झालेल्या स्मरणशक्तीच्या चाचण्या समोरच्याला लिहिता-वाचता येतं असं धरून चालतात. कधी शाळेत न गेलेली, पण पंचक्रोशीतल्या कुठल्या झाडाला कधी मोहोर आला ते सांगणारी बाई त्या चाचणीत विसराळू ठरेल. म्हणून चाचण्या इथल्या भाषेला आणि जगण्याला जुळवून घ्याव्या लागल्या. शहरी लोकांचा असाच अभ्यास बेंगळूरुतही चालू आहे. मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभरातले ४५ वर्षांवरचे लोक आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांच्या पाहणीची पहिली फेरी पूर्ण केली. २०२० मध्ये सुरू झालेल्या जीनोम इंडिया प्रकल्पात वीस संस्थांनी मिळून दहा हजार भारतीयांचे संपूर्ण जीनोम वाचले, आणि त्याचा समन्वयही याच मेंदू संशोधन केंद्राकडे होता. संपूर्ण जीनोम वाचला की टेलोमिअरच्या लांबीचा अंदाज त्यातूनच काढता येतो. उत्तरं मिळतील ती अशा संयमाच्या कामातून. एका फेरीनंतर दुसरी फेरी, तोच दरवाजा, तीच माणसं.

या क्षेत्रात यायला जीवशास्त्राची पदवी लागत नाही. संख्याशास्त्र येणाऱ्यांनी मोजणीच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, तिथे त्यांची फार गरज आहे. घरात वृद्ध माणूस असणाऱ्यांनी शेवटून पहिलं प्रकरण आधी वाचलं तरी चालेल. विद्यार्थ्यांनी टेट्राहायमेनाचं प्रकरण मात्र टाळू नये. डबक्यातल्या जीवाला कोणी कुतूहलानं विचारलेल्या प्रश्नातून हे सगळं निघालं.

हस्तलिखित मावशीनं संपूर्ण वाचलं, बेळगावहून पोस्टानं परत पाठवलं. जिथे तिला कळलं नाही तिथे तिनं समासात पेन्सिलीनं 'म्हणजे?' लिहिलं होतं. एकूण एकेचाळीस ठिकाणी. त्यांतली चाळीस वाक्यं आम्ही नव्यानं लिहिली. उरलेलं एक सहाव्या प्रकरणात आहे, आणि तिथे तिनं 'म्हणजे?'च्या खाली आणखी एक ओळ लिहिली आहे: आखूड झाली म्हणून म्हातारपण येतं, की म्हातारपण येतं म्हणून आखूड होतात? ती ओळ आम्ही पुसली नाही. त्या प्रकरणाला तेच शीर्षक दिलं आहे.